चामडे आणि पर्यावरण: वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी शनिवार-रविवार चामड्याच्या वस्तू हाताने शिवायला शिकवते. पाकीट, कमरपट्टा, झोळी, वहीचे वेष्टण, एवढाच पसारा. शिकायला आयटीतली मुले येतात, निवृत्त काका-काकू येतात, डिझाइनचे विद्यार्थी येतात. आरी हातात घेण्याआधी यातले निम्मे लोक थोडे अवघडून विचारतात, "ताई, हे वापरणं बरोबर आहे ना?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर चहाच्या वेळात आटोपत नाही. म्हणून ते इथे लिहून काढले आहे.

थोडक्यात सांगा, चामडे पर्यावरणाला चांगले की वाईट?

ते कुठे कमावले, म्हणजे कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे कुठे केले, आणि तुम्ही ते किती वर्षे वापरणार, हे कळल्याशिवाय मला सांगता येणार नाही. दुकानातला माणूस दोन सेकंदांत "एकदम नॅचरल आहे मॅडम" म्हणतो, तेव्हा त्याला यातली पहिली गोष्ट सहसा ठाऊक नसते. दुसरी तर सर्वस्वी तुमच्या हातात असते.

जनावर मांसासाठी किंवा दुधासाठीच पाळलेले असते. मग कातडे म्हणजे फुकटात मिळालेली वस्तू नाही का?

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. कातड्यासाठी कोणी म्हैस पाळत नाही. जनावराच्या एकूण किमतीत कातड्याचा वाटा अगदी थोडा असतो. २०१९-२० च्या सुमारास भाव इतके पडले, की अमेरिकेत कातडी कमावण्याऐवजी जमिनीत पुरली गेली. गुरे कापायची काही थांबली नाहीत.

पण उरलेला अर्धा भाग समजायला साखर कारखान्याकडे बघा. उसाची लागण मळीसाठी कोणी करत नाही. एकेकाळी मळीची विल्हेवाट कशी लावायची हीच चिंता असे. आज त्याच मळीपासून अल्कोहोल, इथेनॉल होते आणि कारखान्याच्या ताळेबंदात ती मानाने बसते. मग उसाला लागलेल्या पाण्याचा थोडा बोजा मळीच्या नावावरही टाकायला नको का? कातड्याचे तेच आहे. ते विकून पैसे येतात, म्हणजे गुरांच्या धंद्यात त्याचाही वाटा आहे. किती वाटा, यावर तज्ज्ञांत खडाजंगी चालते. किमतीच्या प्रमाणात बोजा वाटला तर चामडे फार जड दिसत नाही. वजनाच्या प्रमाणात वाटला की आकडा एकदम फुगतो. कंपन्या आपापल्या सोयीचा हिशेब छापतात, हे लक्षात ठेवा.

मूळ बोजा मात्र खरोखर मोठा आहे. गाई-म्हशी रवंथ करताना मिथेन सोडतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये अंदाज मांडला होता, की माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण १४.५ टक्के वाटा पशुधनाचा आहे. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनचे जंगल तोडण्यामागचे सर्वांत मोठे कारण गुरांची कुरणे हे आहे. म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध जो कायदा केला, त्यात सोयाबीन, कॉफीबरोबर गुरांचे कातडेही घातले. अंमलबजावणी पुढे ढकलत राहिले, ही वेगळी खंत.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे. इथे म्हैस आधी दुधासाठी असते, नंतर बाकी सगळे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्या कारागिरांच्या हाती बहुतेक म्हशीचे आणि शेळी-मेंढीचे कातडे येते. ॲमेझॉनचा दोष त्याच्या माथी मारणे बरोबर नाही. मिथेनचा थोडा वाटा मात्र त्यालाही चुकत नाही.

एक किलो चामड्याला १७,००० लिटर पाणी लागते, असे वाचले. खरे आहे?

आकडा खरा आहे, पण तो वाचताना लोक फसतात. त्यातले बहुतेक पाणी म्हणजे जनावराने आयुष्यभर खाल्लेल्या चाऱ्यावर पडलेला पाऊस. माळरानावर चरणाऱ्या म्हशीच्या गवताने प्यायलेले पाणी आणि खडकवासला धरणातून उचललेले पाणी, दोन्ही लिटरमध्येच मोजतात, म्हणून ती एक होत नाहीत.

माझी काळजी दुसऱ्या, दिसायला लहान आकड्याची आहे. टॅनरीत, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यात, एक किलो कच्चे कातडे कमावायला साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागते. हे पाणी मीठ, चुना, सल्फाइड, क्रोम, रंग आणि मांसाचे तुकडे घेऊन बाहेर पडते. ते कुठे जाते, हा खरा प्रश्न.

टॅनरीत नेमके काय होते? बिघडते कुठे?

जनावराचे कातडे निघाले, की काही तासांत कुजायला लागते. म्हणून लगेच त्याला मीठ चोळतात. थोडेथोडके नाही, कातड्याच्या वजनाच्या ४० ते ५० टक्के. मग ते ट्रकमधून टॅनरीत येते आणि पहिल्याच धुण्यात हे सगळे मीठ पाण्यात उतरते. पुढे चुना आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात कातडे भिजवून केस सोडवतात. आतल्या बाजूचे मांस खरवडतात. चुना काढतात, आम्लात घालतात आणि त्यानंतर खरे कमावणे सुरू होते. शेवटी रंग, तेल, पॉलिश.

मीठ लावलेले टनभर कातडे आत जाते आणि तयार चामडे निघते २०० ते २५० किलो. उरलेले सगळे पाण्यात किंवा कचऱ्यात. वर्गात हे सांगते तेव्हा लोकांना वाटते, सर्वांत घाण काम क्रोमचे असेल. प्रत्यक्षात सांडपाण्याचा बराचसा बोजा त्याच्या आधीच्या पायऱ्यांतून येतो: केस, चरबी, सल्फाइड. टॅनरीच्या टाक्या साफ करताना हायड्रोजन सल्फाइड वायूने गुदमरून कामगार दगावतात, ते याच कामात.

आणि मीठ. क्रोम पाण्यातून वेगळे काढता येते, सेंद्रिय घाण जिवाणू खातात, पण विरघळलेले मीठ साध्या प्रक्रिया केंद्रातून जसेच्या तसे पार होते. तमिळनाडूत वेल्लोर, राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी हा सगळा पट्टा पालार नदीच्या काठी आहे. तिथल्या टॅनऱ्यांविरुद्ध तिथल्याच नागरिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. निकालात नोंद आहे, की सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णपणे नापीक झाली. विहिरी खाऱ्या झाल्या. २८ ऑगस्ट १९९६ च्या त्या निकालाने दोन तत्त्वे देशाच्या कायद्यात पक्की रुजवली. प्रदूषण करील त्याने भरपाई करावी, आणि धोका दिसत असेल तर शंभर टक्के पुराव्याची वाट न बघता आधी काळजी घ्यावी. आज मुळा-मुठेसाठी भांडणारे पुणेकर ज्या तत्त्वांच्या आधारे हरित न्यायाधिकरणाकडे जातात, त्यांना बळ देणारा हा निकाल टॅनऱ्यांच्या खटल्यातला आहे. मला हे कळले तेव्हा हातातल्या चामड्याकडे बघण्याची माझी नजर बदलली.

त्यानंतर तमिळनाडूत सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, असा नियम आला. पाणी गाळून पुन्हा वापरतात, उरलेले आटवतात. नदीसाठी ही मोठी सुधारणा आहे. पण आटवल्यावर मिठाचे ढीग उरतात. क्रोम मिसळलेले ते मीठ कोणाच्याच कामाचे नाही. आणि गाळ तर उरतोच. ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेटच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि शेजारी झोपलेले १० कामगार गेले. आपल्या खांद्यावरच्या बॅगेची किंमत कुठे मोजली जाते, हे विचारणाऱ्याला मी हीच तारीख सांगते.

यावर उपाय नाहीत असे नाही. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून याच कामात आहे. कमी मिठात किंवा थंडाव्याने कातडे टिकवणे, सल्फाइडऐवजी एन्झाइमने केस काढणे, क्रोम पाण्यातून परत मिळवून पुन्हा वापरणे, हे सगळे जमते. अडते ते खर्चाशी. स्वस्तात माल मागणारा ग्राहक आणि महिनाभराची उधारी मागणारा व्यापारी मधे असला, की छोटा टॅनरीवाला जुन्या पिंपावरच राहतो.

क्रोम म्हणजे विषच ना?

इथे थोडे रसायनशास्त्र लागते. जगातले बहुतेक चामडे, दहातले आठ-नऊ भाग, क्रोमच्या क्षाराने कमावलेले असते. बुटाचा मऊ वरचा भाग, सोफा, गाडीची सीट, बहुतेक पर्सेस यातच येतात. कमावल्यावर ओले कातडे आकाशी निळे दिसते, म्हणून धंद्यात त्याला 'वेट ब्लू' म्हणतात.

त्यात वापरतात तो त्रिसंयुजी क्रोम. तो फारसा विषारी नाही. खरा विषारी तो षट्संयुजी क्रोम. त्याने कर्करोग होतो आणि त्वचेला चट्टे पडतात. कमावण्यात किंवा साठवणीत निष्काळजीपणा झाला, उष्णता लागली, तर पहिल्याचा काही भाग दुसऱ्यात बदलू शकतो. युरोपात १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात षट्संयुजी क्रोम किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणून निर्यातीचा माल तपासून जातो. आपल्या बाजारातल्या मालाबद्दल तेवढी खात्री मी देऊ शकणार नाही.

तुमच्या पाकिटापेक्षा मला काळजी आहे पिंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची. जुन्या पद्धतीत क्रोमपैकी ६०-७० टक्केच कातड्यात शिरतो, उरलेला पाण्याबरोबर जातो. कानपूरच्या जाजमऊ भागातल्या टॅनऱ्यांचे पाणी गंगेत जात होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा नसलेल्या टॅनऱ्या बंद करायला लावल्या. आणि क्रोम येतो कुठून? आपल्या देशातला जवळपास सगळा क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून निघतो. २००७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातल्या सर्वांत प्रदूषित दहा जागांची यादी केली, त्यात सुकिंदा होते. त्यातला फार थोडा क्रोम चामड्यासाठी जातो, बहुतेक पोलादाकडे जातो, हे खरे. तरी साखळी माहीत असावी.

मग हिरडा-बाभळीत कमावलेलेच घ्यायचे का?

मी स्वतः तेच वापरते आणि वर्गातही तेच देते. पण हे निष्पाप चामडे आहे, असे मी सांगणार नाही.

आपल्याकडची पद्धत अशी: चुन्याने केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवायचे. मग कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची आणि आत साल-हिरड्याचे पाणी भरायचे. ते झिरपत झिरपत कातड्यातून बाहेर येते, खाली जमलेले पाणी पुन्हा वर ओतायचे. क्रोमचे काम दिवसभरात उरकते, याला काही आठवडे लागतात. या वेळामुळेच ते महाग आहे.

हिरडा आपल्या अगदी घरचा. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबांची वर्षाची नगद कमाई बरीचशी हिरड्यावर असते. कोवळा बाळहिरडा औषधाला जातो. पूर्ण वाढलेल्या फळात सुमारे ३० टक्के टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे तुरट द्रव्य, असते. फळ तोडल्याने झाड मरत नाही. सालीचे तसे नाही. बाभूळ सोलावी लागते, म्हणून साल तोडलेल्या लाकडाची असेल तर बरे.

तोटे? मीठ आणि चुना इथेही आहेतच. टॅनिनचे गडद तपकिरी पाणी नदीत गेले तर त्यातला प्राणवायू खाते. माशांना ते नैसर्गिक आहे की रासायनिक, याने फरक पडत नाही. आणि जगाची सगळी मागणी सालीवर भागवायची ठरवली, तर झाडे पुरणार नाहीत. फायदा असा, की जड धातू नाही, गाळ तुलनेने निरुपद्रवी आहे आणि वस्तू संपल्यावर जमिनीत मिसळण्याची शक्यता जास्त आहे.

तुळशीबागेत, फर्ग्युसन रस्त्यावर मिळते ती कोल्हापुरी अशीच कमावलेली असते का?

तिथे रेक्झिनची किंवा क्रोमच्या चामड्याची पुष्कळ मिळते. आकार कोल्हापुरीचा, बाकी सगळे वेगळे. अस्सल जोड वजनदार असतो, तळव्याला चामड्याचेच थर असतात, शिवण चामड्याच्या वादीची असते, खिळा नसतो. कडेला पाहिले की फोम किंवा पुठ्ठा दिसायला नको. नवा जोड करकरतो, चार दिवस चावतो आणि मग पायाचा होतो. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. कोल्हापूरला गेलात तर चप्पल लाइनीत फिरून कडा बघायला शिका. एकदा नजर बसली, की पुण्यातही फसणार नाही.

'व्हीगन लेदर' घेतले तर निदान पर्यावरणाची काळजी मिटली?

नाही. हे मला जरा ठासून सांगायचे आहे, कारण यातच सर्वांत जास्त लोक चांगल्या मनाने फसतात.

जनावराच्या हत्येला विरोध म्हणून तुम्ही चामडे सोडत असाल, तर मी तुमचा मनापासून आदर करते, आणि त्या कारणाला पर्यावरणाच्या आधाराची गरजही नाही. पण बाजारात त्या नावाने मिळते ते बहुतेक कापडावर पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा थर दिलेले असते. आपण त्याला लहानपणापासून रेक्झिन म्हणत आलो. ते खनिज तेलापासून होते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट घालतात, पॉलियुरेथेनच्या कारखान्यात कामगारांच्या यकृताला घातक असे द्रावक वापरतात. बनवताना त्याचा कार्बनचा आकडा चामड्यापेक्षा कमी येतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. फक्त हा आकडा एका वस्तूचा असतो, एका वर्षाचा नव्हे.

कॉलेज संपल्यावर पहिल्या पगारातून मी कॅम्पातून एक तपकिरी बॅग घेतली होती. दुकानदाराने चामड्याची म्हणून दिली आणि मीही डोळे झाकून घेतली. तिसऱ्या पावसाळ्यात तिचे खापे निघू लागले. पीएमटीच्या बसमध्ये शेजारच्या बाईच्या पांढऱ्या ओढणीवर तपकिरी कपचे पडलेले पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतून तुटते. तुम्ही ते वापरा की कपाटात ठेवा, आपल्या हवेत काही वर्षांत ते सोलतेच. सोललेल्या थराला शिवता येत नाही, पॉलिश करता येत नाही. ते कपचे प्लास्टिकचे असतात आणि प्लास्टिकच राहतात. दर तीन वर्षांनी एक रेक्झिनची बॅग टाकणारा आणि एक चामड्याची बॅग वीस वर्षे वापरणारा, यांची तुलना करायची ती अशी.

इटलीने २०२० मध्ये कायद्याने 'लेदर' हा शब्द अशा मालाला लावायला मनाई केली. तसे आपल्याकडे व्हावे, असे मला वाटते. रेक्झिनला रेक्झिन म्हणण्यात कमीपणा कसला?

अननस, निवडुंग, देवळातली फुले यांच्यापासून होणारे चामडे?

यात माझी आशा आहे आणि सावधपणाही आहे. अननसाच्या पानांच्या धाग्यांपासून 'पिन्याटेक्स', मेक्सिकोत निवडुंगापासून 'डेझर्टो', केरळात नारळाच्या पाण्यावर जिवाणू वाढवून 'मलाई', आणि ज्या कानपूरच्या टॅनऱ्यांबद्दल वर लिहिले त्याच कानपुरात देवळातल्या निर्माल्यापासून 'फ्लेदर'. कल्पना सुंदर आहेत, शेतातल्या टाकाऊला भाव देणाऱ्या आहेत. पण यांतल्या कित्येकांना टिकाऊपणा यावा म्हणून पुन्हा पॉलियुरेथेन किंवा रेझिनचा थर द्यावा लागतो. जर्मनीत फ्रायबर्गच्या एका संशोधन संस्थेने २०२१ मध्ये असे अनेक पर्याय चामड्याशेजारी ठेवून तपासले. ताकद, घाम जिरवणे, घासून न झिजणे, हे सगळे एकत्र देणारा एकही पर्याय सापडला नाही. कवकापासून बनणाऱ्या 'मायलो'चा खूप गाजावाजा झाला होता, त्याचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले. विचारायचा प्रश्न एकच: वजनाच्या किती टक्के वनस्पती आणि किती टक्के प्लास्टिक? उत्तर देणारी कंपनी निदान बोलण्याजोगी असते.

पर्यावरणाच्या चर्चेत तुम्ही जातीचा विषय का आणता?

कारण ज्या पाण्याबद्दल मी लिहिते आहे, त्यात उभे राहणारे हात आपल्या समाजाने जातीने ठरवून दिले. कातडे कमावणे ढोर समाजाकडे, चपला करणे चर्मकार समाजाकडे, मेलेले जनावर ओढणे महारांकडे. काम सगळ्या गावाचे आणि विटाळ फक्त त्यांचा. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस सोडा असे सांगितले, त्यामागे हा अपमान झुगारण्याचा निर्धार होता. २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारले गेले. निसर्गाच्या दृष्टीने बघितले तर मेलेल्या जनावराचे कातडे वापरणे हा सर्वांत हलका मार्ग. तो चालवणाऱ्यांना आपण असे वागवतो.

'पारंपरिक', 'सेंद्रिय', 'हस्तकला' हे शब्द मोठ्या किमतीच्या चिठ्ठीवर छापणाऱ्या दुकानात मला आधी हे जाणून घ्यावेसे वाटते, की कमावणाऱ्याला हातमोजे आहेत का आणि त्याच्या मुलीला दुसरे काही करायची मोकळीक आहे का. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मिरवल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र चिडला. ती चीड एरवी जोडामागे शंभर रुपये घासाघीस करताना कुठे असते?

तबला, ढोल यांच्या चामड्याचे काय?

तबल्याची पुडी, म्हणजे ज्यावर बोटे पडतात तो वरचा भाग, शेळीच्या कातड्याची. एक पुडी नीट सांभाळली तर खूप काळ चालते, आणि पुडी बदलून खोड पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये. ढोल पथकांत पावसामुळे फायबरची पाने आली. भिजून उतरत नाहीत, म्हणून ती सोयीची, पण फुटलेली पाने प्लास्टिकचा कचरा आहेत, आणि गणपतीनंतर ती कुठे जातात हे पथकांनी बघावे.

विकत घेताना काय बघायचे?

बुटाच्या जिभेवर किंवा तळव्यावर लहान चित्रे असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे. त्याच आकारात पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर वर प्लास्टिकचा थर दिलेले चामडे. नुसती ती चौकट असेल तर कृत्रिम. जाळी म्हणजे कापड. 'जेन्युइन लेदर' या शब्दांवर भाळू नका. कातड्याचा खालचा, कमजोर थरही त्याच नावाने विकला जातो. 'बॉन्डेड लेदर' म्हणजे चामड्याचा भुसा गोंदात मळून केलेला पत्रा. तो रेक्झिनसारखाच सोलतो.

मोठ्या ब्रँडचे असेल तर 'लेदर वर्किंग ग्रुप'ने टॅनरी तपासली आहे का, ते विचारा. २००५ पासून हा गट पाणी, रसायने, कचरा यांवर टॅनऱ्यांना सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी श्रेणी देतो. श्रेणी टॅनरीला असते, तुमच्या हातातल्या बॅगेला नाही, हा फरक ध्यानात ठेवा. छोट्या दुकानात सरळ विचारा, "हे कुठे कमावलंय? क्रोम की हिरडा?" बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही. तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की अकराव्यासाठी दुकानदार माहिती काढून ठेवतो. माझ्या चामडेवाल्याने तसे केले.

पावसाळ्यात बुरशी येते, फेकून द्यावे लागते.

फेकू नका. सुक्या फडक्याने बुरशी घराबाहेर पुसा, मग अर्धे व्हिनेगर, अर्धे पाणी घेऊन बोळ्याने पुसून सावलीत वाळवा. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, हीटर किंवा गॅसजवळ ठेवू नका, कातडे तडकते. वर्षातून दोनदा थोडे तेल किंवा मेण चोळा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका. जुन्या सुती साडीची पिशवी शिवा. कोल्हापुरी जूनमध्ये माळ्यावर आणि ऑक्टोबरमध्ये खाली, हा आजीचा नियम अजून लागू आहे.

अगदी संपलेल्या वस्तूचे काय करायचे? गच्चीवरच्या कंपोस्टमध्ये चालेल?

क्रोमचे चामडे कंपोस्टमध्ये नको आणि जाळणे तर अजिबात नको. जाळताना निरुपद्रवी क्रोम विषारी क्रोममध्ये बदलू शकतो. कमावणे याचा अर्थच मुळी कुजू न देणे, त्यामुळे 'चामडे आपोआप मातीत मिसळते' हा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हिरड्याचे चामडेही हळूहळूच विरते. घरच्या वस्तू संपल्या की मोठे तुकडे मला आणून द्या, नवशिक्यांच्या सरावाला लागतात. कचऱ्यात टाकले तर ते कुठल्यातरी डेपोवर पडून राहणार, आणि उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा पुरेसा सोसला आहे.

पण दुरुस्ती कोण करून देते हल्ली?

कोपऱ्यावर बघा. सरकारी कागदात त्यांना गटई कामगार म्हणतात, समाजकल्याण खात्याकडून मिळालेला पत्र्याचा स्टॉल काहींकडे असतो, बाकीचे छत्रीखाली बसतात. टाच बदलणे, उसवलेली शिवण, तुटलेला अंगठा, चेन, बक्कल, सगळे होते. माझ्या नवऱ्याच्या बुटांना आमच्या चौकातल्या काकांनी दोनदा नवे तळवे लावले, बूट अकरा वर्षांचे आहेत. जाताना दोन गोष्टी करा: वस्तू पुसून न्या, आणि सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या. ते बहुधा दुपारी एक ते तीन जेवायला घरी जातात, तेवढी वेळ टाळा.